पाचच्या वर

दादाराव पाटलांना नाडी लागत नसे, आणि ही गोष्ट ते सोन्याच्या कड्यासारखी मिरवायचे. लग्नात असोत, तेरवीत असोत, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये, संधी मिळाली रे मिळाली की बाही वर सारून मनगट पुढे करायचे. "पाह्य. लागते काय?" समोरचा बिचारा दोन बोटं टेकवून शोध शोध शोधायचा. नाडी सापडायची नाही. मग दादाराव मान मागे टाकून हसायचे. "नाई लागत नं? तरी तुह्याशी बोलून राह्यलो. सांग आता, मी कोन?"

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण मला कुणी विचारत नव्हतं. माझं काम हृदय पाहायचं. वाशीमला माझा इकोचा दवाखाना आहे. छातीवर थंड जेल लावायचं, सोनोग्राफीसारखी पट्टी फिरवायची, आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं आणि लिहून द्यायचं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. दादाराव जिवंत आहेत, त्यामुळे मला ती अडचण नाही.

ते केनवडचे. रस्त्याला लागून काळीभोर जमीन, खताचं दुकान, दोन मुलं. एक पुण्याला, एक घरी. दोन झटक्यांनंतर हृदय इतकं थकलं की नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाला पंप बसवला. हृदयाच्या टोकाशी बसणारी, मुठीत मावेल एवढी ती मोटर. ती रक्त सतत ओढते आणि मोठ्या धमनीत सतत ढकलते. आपलं हृदय थांबून थांबून ढकलतं, म्हणून मनगटावर ठोका लागतो. मोटरला थांबणं माहीत नाही, म्हणून ठोका नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डबीला जोडलेली, आणि डबीला दोन बॅटऱ्या. म्हणजे या गृहस्थांनी नाडी गमावलेली होती आणि सांगत मात्र असे होते, जणू तपश्चर्या करून सिद्धी मिळवली.

पंपाची किंमत मी सांगत नाही, कारण ते स्वतः ती दर वेळी वेगळी सांगायचे.

महिन्यातून एकदा ते माझ्याकडे यायचे. नागपूर लांब, म्हणून मधल्या तपासण्या मी करायच्या आणि तिथल्या डॉक्टरांना फोनवर कळवायचं, असं ठरलं होतं. त्यांचं येणं म्हणजे मिरवणूक असे. पुढे दादाराव; कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कमरेची डबी मुद्दाम सदऱ्याच्या वर, पिस्तुलासारखी दिसेल अशी. मागे काही अंतरावर वच्छलाकाकू, त्यांची बायको, खांद्यावर काळी बॅग. बॅगेत जादा बॅटऱ्या आणि जादा डबी. पंपाच्या माणसापासून ही बॅग कधीच लांब ठेवायची नसते, आणि ती ज्याच्या खांद्यावर त्यालाही लांब जाता येत नाही. दादारावांना पंप बसला त्या दिवसापासून काकूंनाही एक वायर लागली, एवढंच की ती कुणाला दिसत नव्हती.

नागपूरला बजावलं होतं की घरातल्या आणखी एकाला तरी बॅटरी बदलायला शिकवा. घरच्या मुलाला, जगदीशला, का शिकवत नाही म्हणून मी विचारलं तर दादाराव दुखावले. "पोरं मालकासारखे वाढवले मी, मॅडम. त्यायनं कायले हे करा? बाईचं काम हाय." बॅटरी बदलायची वेळ झाली की ते पाय पसरून बसायचे आणि छताकडे बघायचे. काकू वाकून एक काढायच्या, दुसरी लावायच्या, खिट्टी नीट बसली की नाही ते बोटाने चाचपायच्या. इतक्या वेळा मी हे पाहिलं, पण दादारावांनी एकदाही खाली बघितलेलं मला आठवत नाही.

रक्तदाबाची गंमत सांगते. नाडीच नसल्यामुळे नेहमीच्या यंत्राने पंपवाल्याचा रक्तदाब नीट मोजता येत नाही. दंडाला पट्टा बांधून कोपराच्या खोलगटीत डॉप्लरची पेनासारखी कांडी धरावी लागते. पट्टा फुगवला की आवाज बंद, हवा सोडत गेलं की रक्त वाहायला लागल्याचा 'श्श्श' असा आवाज येतो, आणि तो जिथे सुरू होतो तो आकडा लिहायचा. एकच आकडा. वरचा-खालचा असा भेद त्यात नसतो. पहिल्या वेळी मी म्हटलं, "ऐंशी. छान आहे."

"ऐंशी बटे किती?"

"बटे काही नाही. तुमचा एकच असतो."

त्यांचं तोंड उतरलं. दाराशी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर नामदेव उभा होता. त्याच्याकडे हात करून म्हणाले, "ह्या नामदेवले दोन आकडे असते. मागल्या बुधवारी पाह्यले. अन् मले एकच?"

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्या हाताचा घ्या नं मंग. दोन हात, दोन आकडे." मी घेतला. तोही ऐंशीच आला. खाली उतरताना ते ड्रायव्हरला सांगत होते, "माह्ये दोन्ही हातचे सारखे निंघाले. तुह्ये निंघते काय?" नामदेव म्हणाला, "नाई जी मालक," आणि मी दार लोटून घेतलं.

पडद्यावरचं तर विचारू नका. पंपवाल्याचं हृदय बघणं सोपं नसतं. पंप टोकाशीच बसलेला, त्यामुळे नेहमीच्या जागी पट्टी धरली की नुसता गोंधळ दिसतो, आणि त्याच्या गुणगुणीमुळे रंगांचे पट्टे भरकटतात. बाजूबाजूने डोकवावं लागतं. बघायचं काय, तर डावा कप्पा फुगलेला आहे का दबलेला, मधली भिंत मधोमध आहे का, आणि मोठ्या धमनीच्या तोंडाशी असलेली झडप उघडते का. सगळं रक्त पंपच नेतो म्हणून ही झडप बरेचदा बंदच राहते. पण कायमची बंद राहिली तर ती चिकटते, तिथे रक्त साकळतं. म्हणून अधूनमधून तिने उघडावं अशी आमची इच्छा असते. दादारावांची उघडायची, दर तीन-चार ठोक्यांनी एकदा, आळसावलेल्या माणसाच्या पापणीसारखी. मला फार बरं वाटायचं. मी ते त्यांना कौतुकाने दाखवलं.

"म्हंजे अजून थोडं काम ते जुनंच करते काय?"

"हो. चांगलंच आहे ना."

"चांगलं कायचं? पंप कमी पडून राह्यला म्हंजे. स्पीड वाढवाले लावा नागपूरवाल्यायले. फुल करा म्हना." फुल केला तर पंप कप्पा रिकामा करून त्याची भिंतच ओढून घेईल, हे मी तीन तऱ्हांनी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. फुल न चालवणं म्हणजे गरिबी, एवढंच त्यांना कळत होतं.

आता आकड्याकडे येते, कारण पुढचं सगळं त्या आकड्यापायी घडलं.

कमरेच्या डबीवर बटण दाबलं की पंप मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतो तो आकडा दिसतो. दादारावांचा चार पॉइंट दोन असायचा, कधी चार पॉइंट एक, कधी चार पॉइंट तीन. त्यांच्या अंगाला तो पुरेसा होता. पण नागपूरच्या दवाखान्यात बाकावर त्यांना अकोल्याचा एक कापडवाला भेटला होता. त्याच्याही हृदयाला पंप, आणि त्याचा आकडा पाच! त्या दिवसापासून दादारावांची झोप उडाली. "तो काटकुळा मानूस, मॅडम. कापड फाडून इकते. त्याचं पाच अन् माह्यं चार पॉइंट दोन काहून?" मी सांगितलं की डबी रक्त मोजत नाही. मोटर किती जोर लावते त्यावरून ती अंदाज बांधते. तो अंदाज आहे, परीक्षेचे मार्क नाहीत. ते म्हणाले, "ते ठीक हाय, पन पाच कायनं व्हइन ते सांगा."

काकूंना एक मोठी बहीण होती, आसेगावला; तिला त्या 'बाई' म्हणायच्या. तिला लकवा झाला होता, अंथरुणाला खिळलेली. तिच्या सुनेला दिवस गेलेले आणि घरात दुसरी बाई नाही. काकूंना तिच्याकडे जायचं होतं. एवढंच. मी जेल पुसत असताना त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमीच सांगा न यायले. जगदीशले बॅटरीचं शिकवा म्हना. नाईतर हे तरी चला म्हना संग, दोन दिवस. बाई माही वाट पाह्यते." दादारावांच्या मागे बॅग घेऊन जायचं सोडलं तर पंप बसल्यापासून त्या केनवडच्या बाहेर पडल्या नव्हत्या.

मी सांगितलं. दादाराव सदऱ्याची बटणं लावत होते. जगदीशचं नाव काढताच त्यांनी हात झटकला. मग आसेगावचं ऐकून थांबले. तिथे त्यांचे साडू होते, म्हणजे काकूंच्या बहिणीचे यजमान. वऱ्हाडात साडू-साडूंची जी स्पर्धा असते तिच्यापुढे निवडणूक फिकी. पंप बसवला तेव्हा या साडूंनी कुठल्याशा बारशात म्हटलं होतं म्हणे, "दादारावचा जीव आता बॅटरीवर हाय." ते वाक्य दादारावांनी जपून ठेवलं होतं.

"जाऊ नं," ते म्हणाले. "आकडा पाचच्या वर गेला का मी सोता तुले घेऊन जाईन. साडूच्या दारात चार पॉइंट दोन घेऊन जाऊ काय? तो इचारन, अकोल्यावाल्याचं किती."

"त्याले काय मालूम, अकोल्यावाला कोन ते," काकू म्हणाल्या.

"मी सांगीन तवा मालूम व्हइन."

त्यानंतर दर महिन्याला मी एक गोष्ट बघायची. दादाराव झोपले, मी दिवा मालवला, की काकू त्यांच्या चेहऱ्याकडे नाही तर कमरेच्या डबीकडे बघायच्या. चार पॉइंट दोन. मग बॅग मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "बाईले सांगतलं म्या, पुढच्या महिन्यात येतो." मला त्या माणसाची अशी चीड आली की मी पट्टी जरा जास्तच दाबली.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी मिरवणूक वाजतगाजत आली. दादाराव जिन्यावरूनच ओरडत होते, "मॅडम! सात! सात पॉइंट एक!" त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. केनवडात वाटून झाले होते, आता वाशीमची पाळी होती. रिसेप्शनच्या पोरीला पेढा, बसलेल्या पेशंटांना पेढा, एका मधुमेहवाल्या आजोबांना आग्रहाने दोन. "अकोल्यावाला पाचवर सडून राह्यला!" आणि त्यांच्या मागून काकू. नवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, एका खांद्यावर काळी बॅग आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून बाळाची दुपटी डोकावत होती.

"आसेगावले चाललो," त्या म्हणाल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "वाटंतच हाय तं म्हटलं तुमाले दाखवून घ्यावं. याइची लघवी कालपासून लाल होऊन राह्यली, चहावानी. हे म्हनते उन्हानं हाय."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

मी त्यांना आडवं केलं. डबीवर सात पॉइंट एक. पट्टी लावली. सात लिटर खरंच वाहत असतं तर डावा कप्पा आटोपशीर दिसायला हवा होता. तो फुगला होता, मधली भिंत उजवीकडे ढकलली गेली होती, आत रक्त मागे गळत होतं. आणि ती झडप, दर तीन-चार ठोक्यांनी एकदा उघडणारी, ती प्रत्येक ठोक्याला धडपडून उघडत होती. पंप रक्त नेत नव्हता, म्हणून बिचारं थकलेलं हृदय पुन्हा कामाला जुंपलं होतं. पंपात रक्ताची गुठळी अडकली होती. आत रक्त दळलं जात होतं, तेच लघवीत उतरत होतं.

"दादाराव, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"

"व्हय."

हेच उत्तर ते मला दर महिन्याला देत होते. काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाई मॅडम. पुतन्याच्या साखरपुड्यात नाकातून रगत आलं, व्याह्याइसमोर. सदरा खराब झाला. तवापासून फेकून देते. मले म्हने, सांगजो नको."

"व्याही हसले असते नं!" दादाराव म्हणाले. "अन् गोळी सोडल्यावरच तं आकडा वाढला! माहं रगत आता जोरदार झालं."

संतापले की माझ्या गावची, इंझोरीची बोली बाहेर येते. तिथे माझ्या वडिलांचं शेत होतं आणि बोअरवरचं स्टार्टर मी चालवलेलं आहे. मी म्हटलं, "काका, तुमच्या बोअरमदी गाळ अडकला, मोटर जाम झाली, तं अँपिअरचा काटा कुठं जाते?"

"वर."

"अन् पानी?"

तीन मोटरी जाळलेला माणूस तो. काटा वर जातोय आणि पाण्याची धार बारीक होतेय, हे बघत बघत 'चालू दे' म्हणालेला. काटा वर म्हणजे मोटर अडली, हे केनवडातलं कुणीही सांगेल.

"तुमचा सात म्हणजे तो काटा आहे. पाणी येत नाहीये. आत्ताच्या आत्ता नागपूरला निघायचं. मी ॲम्बुलन्सला फोन लावते."

तुम्हाला वाटेल, आता तरी माणूस घाबरला असेल. दादाराव उठून बसले, छातीवरचं जेल स्वतःच्या उपरण्याने पुसलं आणि म्हणाले, "आसेगाववरून येतो नं. साडूले फोन करून सांगतलं हाय, सात झाला म्हनून. तिथं मानसं जमा झाले असन. उद्या निंघू."

"उद्यापर्यंत तो पंप थांबू शकतो."

"तुमी बायका लवकर भेता," ते म्हणाले.

मी काही बोलणार त्याच्या आधी काकूंनी कापडी पिशवी खाली ठेवली. दुपटी आत नीट दाबली, पिशवीला गाठ मारली आणि ती माझ्या टेबलाखाली सरकवली. मग काळी बॅग खांद्यावर घेतली आणि दाराकडे चालायला लागल्या.

"कुठं चालली?" दादाराव ओरडले.

"नागपूरले. ॲम्बुलन्समदी बसतो मी. बॅटऱ्या माह्याजवळ हाय. तुमाले याचं तं या."

आणि त्या खरोखर गेल्या. दादाराव डबी धरून बघत राहिले. मग पलंगावरून पाय खाली टाकून चपला शोधायला लागले, एक सापडली, एक सापडेना. शेवटी एकाच चपलेत, सदऱ्याची बटणं उघडी, ते बायकोच्या मागे जिना उतरले. पेशंट पेढे हातात धरून बघत होते. मला त्या घाईत, फोन कानाला असताना, बरं वाटलं हे मी लपवत नाही.

ॲम्बुलन्स मंगरुळपीरवरून गेली. तिथून आसेगाव जवळ आहे. काकू नंतर म्हणाल्या की त्यांनी खिडकीला तोंड लावून रस्ता पाहिला.

नागपूरच्या डॉक्टरांनी पंप बदलला. दादाराव वाचले, असे लोक वाचतात. काकू तिथे दवाखान्यात असतानाच आसेगावहून फोन आला, बहीण गेल्याचा. सोबत गेलेला जगदीश दुकान बघायला केनवडला परतला होता, म्हणून काकूंना हलता आलं नाही. मला हे त्यांनी फार साधेपणाने सांगितलं. "फोन ठेवला अन् याइची बॅटरी बदलली. टाइम झाला होता."

परत आल्यावर पहिल्या तपासणीला दोघं आले तेव्हा मिरवणूक नव्हती, पण दादाराव पुढे आणि काकू मागे हे तसंच होतं. नवा पंप गुणगुणत होता. कप्पा आटोपशीर, भिंत मधोमध, झडप अधूनमधून उघडत होती. आकडा चार पॉइंट दोन. दादारावांनी तो बघितला आणि निःश्वास सोडला. "एवढं करून तिथंच."

काकूंनी टेबलाखालची पिशवी मागितली. मी जपून ठेवली होती. त्यांनी गाठ सोडून दुपटी बघितली, परत बांधली आणि काळी बॅग दादारावांच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"आसेगावले जातो."

"आता कायले?" दादाराव म्हणाले. ते चिडून नव्हते म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "आता कोन हाय तिथं?"

"बाळंतीन हाय," काकू म्हणाल्या. "तिच्या जवळ कोनी नाई."

मला नमस्कार करून त्या निघून गेल्या. खिडकीतून मला त्या स्टँडकडे वळताना दिसल्या. चालताना खांदा अजून एका बाजूला कललेला होता, बॅग नसतानाही.

दादाराव मला म्हणाले, "मॅडम, बॅटरीचं मले येत नाई."

"शिका," मी म्हटलं.

मी शिकवलं. एक बॅटरी काढली तरी दुसरी चालू असते, दोन्ही एकदम कधीच काढायच्या नाहीत, खिट्टी वाजली की बोटाने चाचपायचं. एक काढताना त्यांनी डोळे मिटले, डबी जराशी पिंपिं वाजली आणि ते ओरडले, "गेलो! गेलो!" कुठेही गेले नाहीत. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा सगळं अंग घामाने भिजलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या वायरीकडे, त्या दोन खिट्ट्यांकडे नीट पाहिलं.

"हे ती रोज करे?"

"रोज."

ते विचारात पडले. मी वाट बघितली. मी माणूस आहे, मलाही कधी कधी आशा वाटते.

"मंग तिले सवय असन," दादाराव म्हणाले. "आली का तीच करन."

त्यांना मी शेवटचं बघितलं ते पुढच्या महिन्यात. त्यानंतर माझ्या जागी दुसरे डॉक्टर त्यांना बघायला लागले, कारण माझ्या हाताला गुण नाही असं त्यांचं मत झालं. त्या दिवशी ते एकटेच आले. काळी बॅग स्वतःच्या खांद्यावर. सदरा बिनइस्त्रीचा, आणि बॅगेच्या पट्ट्याने तो एका बाजूला ओढलेला. बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्या माणसापुढे मनगट धरलं होतं. तो मोबाइल बघत होता, त्याने नुसतं "हो का" म्हटलं.

आत आल्यावर मी विचारलं, "काकू?"

"आसेगावलेच हाय. पोरगं ल्हान हाय तिथलं. साडू म्हनते, राहू द्या."

"मग कधी येतात परत?"

दादाराव पलंगाकडे वळले. आडवे झाले. मी दिवा मालवला. पंपाची बारीक गुणगुण ऐकू येत होती. मग छताकडे बघत ते म्हणाले, "फोन केला होता म्या. तिनं घेतला नाई, जगदीशपाशी निरोप धाडला."

"काय म्हणाल्या?"

"म्हने, आकडा पाचच्या वर गेला का येईन."

मी पट्टी फिरवत राहिले. कप्पा पाहिला, भिंत पाहिली, झडप उघडेपर्यंत थांबले. मग दंडाला पट्टा बांधून डॉप्लर धरला, ऐंशी. शेवटी त्यांच्या कमरेच्या डबीचं बटण दाबलं आणि आकडा त्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला.

"चार पॉइंट दोन," मी म्हटलं. "अगदी उत्तम आहे, दादाराव. याच्या वर जाऊ देऊ नका."